खिडकीखालचा विसावा

आमच्या शाळेच्या खिडक्यांतून आभाळाशिवाय काही दिसत नसे. साहेबाच्या राज्यात बांधलेली शाळा, काळ्या घडीव दगडाची, वर टोकदार कमानी, वैशाखातही आत गेलं की अंगावर काटा यावा इतकी गार. म्हातारी माणसं सांगायची की मोठ्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम द्यायचं म्हणून ही बांधून घेतली, आणि आमच्या पणज्यानं तिथं दगड फोडले होते. पोरांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून साहेबानं खिडक्या मुद्दाम उंच ठेवल्या म्हणे. आता कर्जतकडच्या त्या माळावर लक्ष जाण्यासारखं होतं तरी काय? चार बाभळी, एक कोरडा ओढा आणि कुणाची तरी मेंढरं. पण साहेबाच्या डोक्यात आलं ते दगडात झालं, त्याला कोण काय बोलणार! खिडकीची खालची कड आमच्या उंच्यापुऱ्या हेडमास्तरांच्या टोपीला लागायची, तिथं आम्हा पोरींची काय कथा.

बाहेरचं सगळं आम्हाला कानांनीच कळायचं. बैलगाडी कुणाची, हे चाकाच्या करकरीवरून कळायचं. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून मसणवट्याकडे जाणारा रस्ता होता आणि नेमका आमच्या वर्गाच्या खिडकीखाली विसाव्याचा दगड होता. गावातली कुठलीही माती त्या रस्त्यानं जायची. तिरडी त्या दगडापाशी घटकाभर टेकवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या आणि पुन्हा उचलायची, अशी रीत. वर्गात आम्हाला लांबून टाळ ऐकू यायचे, मग जवळ, मग खिडकीखाली एकदम सगळं बंद. त्या बंदमध्ये मास्तर खडू खाली ठेवायचे आणि आम्ही मान खाली घालून बसायचो. पुन्हा टाळ सुरू झाले की मास्तर खडू उचलायचे. एखादं व्रात्य पोर बाकावर चढून बाहेर डोकवायचं आणि छडी खायचं. पोरींपैकी कुणी कधी चढलं नाही. पोरीच मुळात आम्ही तिघी होतो, आणि तिघींचेही बाप मास्तरांना ओळखत होते.

माझी आई शाळेत कधी गेली नाही, पण शाळा तिला पाठ होती. तिचं माहेर गावातलंच. लहानपणी ती त्याच भिंतीला शेळ्या चारायची आणि विसाव्याच्या दगडावर बसून आतले पाढे ऐकायची. आतली पोरं म्हणायची, बाहेर ही म्हणायची. त्यावर तिला तिसापर्यंत पाढे येत होते. भाकरी थापताना ती एकोणतीसचा पाढा म्हणायची, आणि माझा कुठं अडला तर तव्यावरून मान न वळवता म्हणायची, "पुढं?" त्या एका शब्दानं मी जेवढी घाबरले तेवढी पुढं कुठल्या साहेबालाही घाबरले नाही. शाळेचं आत कसं दिसतं, हे मात्र तिनं मला शंभरदा विचारलं असेल. फळा केवढा, बाकं कशी, वरती कौलं की काय. मी सांगायचे. ती म्हणायची, एकदा येऊन बघते. पण पोरीच्या शाळेत बाई कशाला जाईल, म्हणून ते राहूनच गेलं.

घर आमचं शाळेपासून हाकेच्या अंतरावर. दोन खण, पुढं ओटा, ओट्यावर तात्यांचे टाळ खुंटीला अडकवलेले. तात्या म्हणजे माझे वडील. दिवसभर रान, संध्याकाळी भजन, आणि दोन्हींच्या मधे बोलणं जवळजवळ नाहीच. त्यांचं सगळं बोलणं खाकरण्यात होतं. घराच्या वळणावर आले की ते खाकरायचे, एक आखूड आणि त्यामागून एक लांब, घशातल्या घशात ओढलेलं. ते ऐकलं की आई पदर सारखा करायची आणि तवा चुलीवर चढवायची. तात्या हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. सोबत हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची चटणी, कधी कांदा फोडून. आज माझी नातवंडं विचारतात की पणजोबा आल्याचं फोनशिवाय कसं कळायचं. काय सांगणार? त्या खाकरण्याचा अर्थ एकच होता, मी आलोय. त्यावर आमच्या घराची चूल चालायची.

मी मॅट्रिकला आले त्या वर्षी आईच्या पोटात गोळा धरला. आधी जेवण कमी झालं, मग भाकरी थापणं गेलं, मग पाढे गेले. नगरला मोठ्या डॉक्टरला दाखवलं, त्यांनी तात्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि तात्या परतीच्या एसटीत पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सातवीतूनच रानात गेलेला. तो भाकरी करायला शिकला. कडा जाड, मध्ये कच्ची. आई अंथरुणातून म्हणायची, "यमू, तू पुस्तक घे. भाकरी त्याला करू दे." मी म्हणायचे, मला अभ्यास सुचत नाही. ती म्हणायची, सुचंल. घरात उकाडा, औषधाचा वास आणि तिचं कण्हणं, आणि मी कोपऱ्यात भूमितीचं पुस्तक धरून बसलेली. त्या दिवसांत मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. नवसही बोलले आणि शिव्याही दिल्या. त्यानं दोन्हींकडे काणाडोळा केला.

भूमितीच्या पेपरच्या दिवशी सकाळी आईला उठताही येत नव्हतं. मला वाटलं, आज जाऊ नये. मी पाटी-दप्तर न घेता तिच्या उशाशी बसले. तिनं दादाला दह्याची वाटी आणायला लावली, त्यात साखर घालायला लावली, आणि स्वतःच्या बोटांनी माझ्या तळहातावर ठेवलं. बोटं इतकी तापलेली की दही कोमट लागलं. मी म्हटलं, आई, मी जात नाही. ती तात्यांकडे बघून म्हणाली, "काय बी झालं तरी पोरीचा पेपर बुडवायचा न्हाई. माझी आन हाय तुमाला." मी गेले. शाळेच्या कमानीतून आत जाताना मागं वळून बघितलं तर दादा ओट्यावर उभा होता.

पेपर अवघड होता. पहिला तास बरा गेला, मग एका प्रमेयावर गाडी अडली. आकृती काढली, खोडली, पुन्हा काढली. मधल्या दोन पायऱ्या काही केल्या आठवेनात आणि डोळ्यांपुढं आईची ती बोटं यायला लागली. तेवढ्यात मागच्या रस्त्यानं पुष्कळ पावलं आली. टाळ नाहीत, देवाचं नाव नाही, काही नाही. नुसती पावलं. मला वाटलं, परीक्षेला आलेल्या बाहेरगावच्या पोरांची माणसं असतील. खिडकीखाली ती थांबली. मग बराच वेळ शांतता. आणि त्या शांततेत कुणीतरी खाकरलं. एक आखूड, आणि त्यामागून एक लांब, घशातल्या घशात ओढलेलं.

तात्या! मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. आईला उतार पडला असणार, त्याशिवाय हे घर सोडून यायचे नाहीत, असं मला वाटलं. मला न्यायला आले, खाली दगडावर बसून वाट बघतायत. ते पुन्हा खाकरले. मी मनात म्हटलं, आले, तात्या, हे एवढं संपवते आणि आले. आणि खरंच सांगते, त्या मधल्या पायऱ्या झरकन आठवल्या. हात थांबेना. ते अधूनमधून खाकरत राहिले आणि मी लिहीत राहिले. किती वेळ, ते माहीत नाही. मग पावलं हलली, ओढ्याच्या बाजूला लांब गेली. मला वाटलं, सावलीला गेले असतील.

घंटा झाल्यावर मी धावतच बाहेर आले. दगडापाशी कुणी नव्हतं. शेजारच्या सुंदरमावशी शाळेच्या दारात उभ्या होत्या, कधी नव्हे त्या. म्हणाल्या, आज माझ्याकडंच जेवायला चल, तुझ्या आईला नगरला नेलंय. मी म्हटलं, तात्या आत्ता तर इथं होते. त्यांनी माझा दंड धरला आणि वेगळ्याच वाटेनं चालायला लागल्या. वेशीपाशी ओढ्याकाठच्या विहिरीकडून माणसं येताना दिसली. आमचे थोरले चुलते आबा, भजनातली मंडळी, वाणी, पलीकडचे पाटील. सगळ्यांची डोकी ओली. धोतरं ओली. भर दुपारी, ज्या वेळी गावात कुणी अंघोळ करत नाही त्या वेळी, अख्ख्या गावाची डोकी ओली होती. मला बघून सगळ्यांनी माना दुसरीकडे फिरवल्या. मी मावशींचा हात झटकला आणि घराकडे पळाले.

दारात लिंबाचा डहाळा पडला होता. आईच्या अंथरुणाची जागा सारवली होती, अजून ओली होती. तिथं पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता आणि वर टोपली झाकली होती. टोपलीच्या फटींतून उजेड येत होता. तात्या भिंतीला टेकून बसले होते. डोकं ओलं. मी उंबऱ्यातच उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "पेपर कसा गेला?"

मी म्हटलं, "चांगला गेला."

एवढंच. पुढं तात्या वीस-बावीस वर्षं जगले, पण त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी शब्द बोललो नाही. नंतर बायकांकडून तुकड्यातुकड्यानं कळलं ते असं. मी शाळेत शिरले आणि थोड्याच वेळात आई गेली. आबांनी पंचांग बघितलं, दुपारी पंचक लागत होतं. पंचकात माती झाली तर घरातली आणखी माणसं जातात, म्हणून त्याच्या आत उरकायचं ठरलं. पोरीचे अजून दोन पेपर राहिलेत, तिला कळू द्यायचं नाही, असंही ठरलं. शाळेवरून जाताना भजनी मंडळींनी टाळ उपरण्यात गुंडाळले, कुणी नाव घेतलं नाही, कुणी रडलं नाही. सगळं गाव माझ्या आईला चोरून घेऊन गेलं, माझ्या डोक्यावरून. गावाला वाटत होतं आपण पोरीवर माया केली. ते दोन पेपर मी दिले, मॅट्रिक झाले, पुढं मास्तरीण झाले, सगळ्यांनी म्हटलं आईचा आत्मा शांत झाला. माझा नाही झाला. शेवटचं तोंड बघायला वैऱ्यालासुद्धा बोलावतात. मला भिंतीपलीकडून बोलावलं नाही. बापानं दगडापाशी बसून घसा साफ केला आणि उठून गेला, असंच माझ्या मनात पक्कं बसलं. त्यांच्या आजारपणात मी त्यांचं सगळं केलं, मनापासून केलं, पण मांडी घालून शेजारी बसले नाही.

हे सगळं आज लिहायला बसले त्याचं कारण मागच्या महिन्यात दादाचा फोन आला. शाळा पाडणार म्हणे. नवी शाळा हायवेला गेली त्याला कितीतरी वर्षं झाली, जुनी तशीच ओस पडून होती. आता तिथं गाळे काढणार आहेत. दादा म्हणाला, बघायची आसंल तर ये. मी नगरहून एसटीनं गेले. आता स्टँडावर पाटी अहिल्यानगर म्हणते, आम्हा म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून नगरच येतं.

शाळेच्या कमानीवर लाल रंगानं लिहिलंय, इमारत धोकादायक आहे, आत जाऊ नये. दादाच्या गुडघ्यांनी तसंही त्याला आत जाता येत नव्हतं. तो म्हणाला, मी मागं सावलीला बसतो, तू फिरून ये, पन जपून. मी आत गेले. घंटेचा मनोरा अर्धा ढासळलाय, घंटा केव्हाच कुणी नेली. व्हरांड्यातल्या फरशा उचकटून नेल्यात, दारांच्या चौकटी नेल्यात, दगड तेवढे राहिलेत कारण ते कुणाच्या बापाला हलले नाहीत. ऑफिसच्या खोलीत शेळ्यांच्या लेंड्या. आमच्या वर्गाचं छप्पर आत कोसळलंय, वासे आणि कौलं यांचा ढीग मागच्या भिंतीला लागून पडलाय. फळ्याच्या जागी भिंतीवर काळा चौकोन. मी माझ्या बाकाची जागा शोधली. तिथं उभी राहून खिडकीकडे बघितलं. आभाळ दिसत होतं. फक्त आभाळ. मला त्या साहेबाचा असा राग आला की विचारू नका, मेल्याला जाऊन शंभर वर्षं झाली असतील.

मी हाक मारली, "दादा, कुठं बसलास?"

खिडकीतून त्याचा आवाज आला, अगदी जवळून. "हितं, इसाव्याच्या दगडावर."

म्हटलं, ऊठ तिथून, ती काय बसायची जागा आहे? आमचा दादा तोंडावर कधी काही बोलला नाही, बायकोशीसुद्धा नाही. मधे भिंत होती, तो मला दिसत नव्हता, मी त्याला दिसत नव्हते, म्हणूनच बोलला असणार.

"आईला हितं लई येळ ठिवलं हुतं," तो म्हणाला. "माज्या हातातल्या मडक्यातला इस्तू इझत आला, एवढा येळ. तात्या उठंचनात. आबा म्हनत हुते पंचक लागंल, उचला. तात्या म्हनले, तिची जागा हाय ही, बसू द्या तिला."

मी म्हटलं, "मग मला हाक का मारली नाही? एवढं बसायचं होतं तर हाक मारायला काय झालं होतं?"

"आईची आन हुती ना. पेपर बुडवायचा न्हाई. हाक मारायची कशी? म्हनून खाकरत हुते. मला म्हनले, यमीला माजं खाकरनं कळतं, ती बाकावर चढून बघंल. आन बी मोडायची न्हाई आन् तोंड बी दिसंल. आईच्या तोंडावरचं काढून ठिवलं हुतं त्यांनी. ह्या खिडकीकडं करून."

मी खाली बसले. कौलांवरच बसले. मला ऐकू आलं होतं. प्रत्येक वेळी ऐकू आलं होतं. सगळ्या गावात त्या खाकरण्याचा अर्थ आमच्याइतका कुणाला कळत होता? घरात ते ऐकलं की आम्ही आपापल्या कामाला लागायचो. आई तवा चढवायची, मी पाट मांडायचे. उठून बघायला कोण गेलं होतं कधी? त्यांनी आयुष्यभर ज्या आवाजानं मी आलोय म्हटलं, त्याच आवाजानं त्या दिवशी ये म्हटलं, आणि मी घरच्यासारखी कामाला लागले. प्रमेय सोडवलं. अहो, आणखी एक आवाज वेगळा काढला असता! आन मोडली असती तर काय आभाळ कोसळलं असतं? आई काय उठून बोलणार होती? मला तात्यांचा राग येत होता आणि त्याच वेळी डोळ्यांपुढं तो माणूस दिसत होता, घसा सोलवटून निघेपर्यंत खाकरणारा, वर खिडकीकडे बघणारा. आता मला कळलं, त्या दुपारी त्यांचा आवाज घोगरा का होता. आणि हे त्यांना सांगायला ते नाहीत, माफी मागायला नाहीत, भांडायलासुद्धा नाहीत.

बाहेरून दादानं विचारलं, "आयकू आलं न्हवतं का तुला?"

खोटं बोलता आलं असतं. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुःख, असं मनात आलंही. पण आमच्या घरात अशा मायेनं एकदा जे केलं ते पुरे झालं. मी म्हटलं, "आलं होतं, दादा. मला वाटलं, मला न्यायला आलेत."

ओढ्याच्या बाजूनं कुठलासा ट्रॅक्टर गेला तेवढाच आवाज.

मग मी त्या ढिगावर चढायला लागले. या वयात, लुगडं वर खोचून. कौलं पायाखाली फुटत होती, एक वासा सरकला, तळहात सोलला. दादाला आवाज गेला असावा, तो ओरडला, काय करतीस गं, पडशील. छप्पर नेमकं तिथंच येऊन पडलं होतं, नाहीतर मला आयुष्यात ती उंची आली नसती. हात खिडकीच्या कडेला लागला. दगड गार होता. मी टाचा उचलल्या आणि तोंड बाहेर काढलं.

मला वाटलं होतं, दगड लांब असेल. लांब नव्हता. दादा खाली दगडावर बसला होता, टोपी काढून मांडीवर ठेवलेली, तोंड वर खिडकीकडे केलेलं. त्याच्या दाढीचे पांढरे खुंट मला दिसत होते. डोळ्यांच्या कडांचं पाणी दिसत होतं. म्हातारपणी तो आईवर गेलाय, हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं.

"दिसतंय का गं, यमे?" त्यानं विचारलं.

"दिसतंय," मी म्हटलं. "सगळं दिसतंय."

तो तसाच बसून राहिला. तोंड त्यानं खाली केलं नाही.